बिनचोतानच्या निखाऱ्यांवर: तोक्योतलं दुपारचं याकितोरी जेवण

तोक्योत याकितोरी म्हटली की लोकांना संध्याकाळच आठवते. युराकुचोच्या रेल्वेपुलाखालचा धूर, बिअरचे मग, डोक्यावरून धडधडत जाणारी लोकल. तो अनुभव त्याच्या जागी छानच आहे. पण बांबूच्या काडीवर भाजलेली ही कोंबडी ज्याला नीट चाखायची, समजून घ्यायची आहे, त्याने पहिल्यांदा दुपारी जावं असं माझं ठाम मत आहे. रात्री जुन्या दुकानात वीस-पंचवीस प्रकार असतात, पाट्या हाताने लिहिलेल्या आणि फक्त जपानीत. काड्या दारूच्या सोबतीने एकेक करून मागवायच्या, आणि भात शेवटी, तोही मागितला तर. दुपारी दुकान तेच, भट्टी तीच, बऱ्याचदा भाजणारा हातही तोच. फक्त पाटीवर तीन-चारच ओळी असतात, जेवण भाताभोवती बांधलेलं असतं आणि किंमत साधारण हजार ते दोन हजार येन. दारू न पिणाऱ्याचं यात काहीच अडत नाही.

अशी दुकानं शोधायला निहोनबाशी, क्योबाशी आणि निंग्योचो हा पट्टा सगळ्यात बरा. क्योबाशीतलं इसेहिरो १९२१ पासून याकितोरी भाजत आलं आहे आणि दुपारी तिथे मिळणारं चार किंवा पाच काड्यांचं दोनबुरी, म्हणजे खोल वाडग्यातल्या भातावर मांडलेली याकितोरी, प्रसिद्ध आहे. निंग्योचोतलं तामाहिदे १७६० चं, मूळचं कोंबडीच्या रश्श्यासाठी नावाजलेलं. कोंबडी आणि सैलसर शिजलेलं अंडं भातावर घालायचा ओयाकोदोन हा पदार्थ १८९१ मध्ये तिथेच निघाला. तो भाजलेला नाही, शिजवलेला; पण दुपारी पोटभर कोंबडी-भात खायची या भागाची सवय किती जुनी आहे ते त्यावरून कळतं. निशी-कासाईत राहणाऱ्या मराठी मंडळींना तोझाई लाइन थेट निहोनबाशीला आणून सोडते. तिथून क्योबाशी गिन्झा लाइनवर एक स्टेशन. निंग्योचोला जायचं तर कायाबाचोला उतरायचं आणि हिबिया लाइनने एक स्टेशन पुढे जायचं.

वेळेचं गणित आधी पक्कं करावं. दुपारची पाळी बहुधा साडेअकरा ते दीड-दोन अशी असते आणि शेवटची ऑर्डर दुकान मिटायच्या अर्धा तास आधी घेतात. बारा ते एक ऑफिसांची जेवणाची सुट्टी, तेव्हा रांग पदपथावर येते. म्हणून एक तर साडेअकराला दार उघडायच्या आधी दहा मिनिटं पोचायचं, नाहीतर एक वाजून गेल्यावर. उशिरा जाण्यात एक तोटा आहे. एका कोंबडीत काळीज, म्हणजे कलेजी, एकच, हृदय एकच, छातीखालची मऊ पट्टी दोनच. हृदयाची एक काडी भरायला चार-पाच कोंबड्या लागतात. त्यामुळे मांडीचं मांस संपत नाही, पण काळीज किंवा त्या दिवसाचा एखादा खास भाग एकच्या सुमाराला ‘संपलं’ होऊन बसतो. ऑफिसांच्या भागातली बरीच दुकानं शनिवार-रविवारी दुपारी उघडतच नाहीत, तेव्हा आठवड्याच्या मधला वार निवडावा.

दारावर नोरेन, म्हणजे कापडी पडदा, बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू. आत घेतलेला असेल तर बंद, मग आत दिवे का असेनात. रांग असेल तर दाराशी बहुधा एक तक्ता असतो. त्यावर नाव आणि माणसांची संख्या लिहायची. नाव काताकाना लिपीत, दोन-तीन अक्षरांत बसेल असं लिहावं. ‘कुलकर्णी’ लिहून हाक ओळखू न येण्यापेक्षा ‘कुरु’ लिहिलेलं बरं. सगळी मंडळी हजर असल्याशिवाय बरीच दुकानं आत बसवत नाहीत. चौघांपैकी तिघं आले आणि चौथा स्टेशनवर असेल तर पुढचा नंबर आत जातो. आत गेल्यावर किती जण ते बोटांनी दाखवलं तरी चालतं.

जागा निवडायला मिळाली तर काउंटर घ्यावा, आणि काउंटरवरही भट्टीसमोरची खुर्ची. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत बूट काढून आरामात बसता येतं हे खरं, पण भट्टीपासून तिथपर्यंत काडी येईतो तिचा कुरकुरीतपणा निघून गेलेला असतो. याकितोरीत ताटलीवरची पहिली दोन मिनिटं फार मोलाची. चरबी पातळ असते, कातडी कुरकुरीत असते, आत रस हलत असतो. पाचव्या मिनिटाला तीच काडी साधी भाजलेली कोंबडी होते.

आणि समोर बसलं की भट्टी दिसते. ती पाहण्यासारखी असते. एक लांब, अरुंद खाच, रुंदी जेमतेम वीतभर. वर जाळी नसते. दोन लोखंडी दांडे आडवे टाकलेले असतात, काड्यांची टोकं एका दांड्यावर आणि मुठीकडची बाजू दुसऱ्यावर. मांस निखाऱ्यांवर अधांतरी राहतं, लोखंडाला चिकटत नाही आणि त्यावर जाळीचे काळे पट्टे उमटत नाहीत. बांबूची मूठ भट्टीच्या बाहेर राहते म्हणून ती जळत नाही आणि उलटवताना हाताने धरता येते.

खालचा कोळसा बिनचोतान. उबामे नावाच्या ओकच्या लाकडापासून, मुख्यतः वाकायामा आणि कोची या प्रांतांत तो करतात. (कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला, ते कोयासान याच वाकायामात आहे.) भट्टीत लाकूड कित्येक दिवस जाळल्यावर शेवटी हवा आत सोडून तापमान हजार अंशांच्या वर नेतात, लालभडक कोळसा बाहेर ओढतात आणि राख-माती-वाळूच्या ओल्या मिश्रणाखाली विझवतात. त्यामुळे तो पांढुरका दिसतो आणि एकमेकांवर आपटला की धातूसारखा खणखणतो. आपल्याकडच्या साध्या कोळशाहून तो दाट, जड आणि पेटायला महाकठीण. नीट धरायला अर्धा-पाऊण तास लागतो. घाईने एकदम तापवला तर आतल्या ओलाव्याने फुटून ठिणग्या उडवतो. पण एकदा पेटला की ज्वाळा नाही, स्वतःचा धूर जवळपास नाही, आणि कितीतरी तास एकसारखी धग.

ही धग मांसापर्यंत पोचते ती मुख्यतः किरणांनी. गॅसच्या ज्वाळेत पाण्याची वाफ तयार होते आणि ती मांसाला ओलसर ठेवते. निखाऱ्याची धग कोरडी असते. म्हणून बाहेरचा पापुद्रा पटकन सुकून खरपूस होतो आणि आतलं पाणी आत राहतं. भाजणारे याला ‘जोरदार आग, पण लांबून’ म्हणतात, आणि त्या चार शब्दांत सगळी कारागिरी आली. आग मंद करायची नाही, अंतर आणि जागा बदलायची. भट्टीच्या एका टोकाला कोळसा उंच रचलेला असतो, दुसऱ्या टोकाला विरळ. कातडी आणि त्सुकुने, म्हणजे खिम्याची काडी, विरळ बाजूला सावकाश. मांडी आणि काळीज जोरदार बाजूला झटपट.

धूर येतो तो चरबी निखाऱ्यावर पडल्यावर. थोडा धूर हवाच, याकितोरीचा वास म्हणजे तोच. पण चरबी जास्त गळली की खालून ज्वाळा उठते आणि मांसावर काजळी बसते. तेव्हा भाजणाऱ्याच्या हातातला पंखा चालतो. पंख्याचं काम आग वाढवण्याइतकंच ज्वाळा आणि राख बाजूला सारण्याचं आहे. समोर बसलं की हे स्पष्ट दिसतं: एक हात सतत काड्या फिरवतो आहे, दुसरा दोन-तीन झपाटे मारून थांबतो आहे. ताटलीत आलेली काडी काळपट आणि जिभेला कडवट लागली तर समजावं की गर्दीत पंख्याला उशीर झाला.

आपल्याकडे कोंबडी भाजायची म्हणजे आधी दही, आलं-लसूण, तिखट लावून मुरवायची. इथे भट्टीवर जाईपर्यंत तिला काहीच लागलेलं नसतं. त्यामुळे मांसाचा ताजेपणा, तुकड्याचा आकार आणि काडीत ओवण्याची पद्धत यांतली कुठलीच कसर मसाल्याखाली झाकता येत नाही. या धंद्यात म्हण आहे की काडी ओवायला शिकायला तीन वर्षं आणि भाजायला अख्खा जन्म. ओवणं सोपं वाटतं, पण बहुतेक चुका तिथेच होतात. काडी मांसाच्या धाग्यांना आडवी गेली पाहिजे, नाहीतर भाजताना तुकडा सुटून घसरतो. ती बरोबर मध्यातून गेली पाहिजे. बाजूने गेली तर जड बाजू आपोआप खाली वळते आणि एकच अंग भाजत राहतं. तुकड्यांत फट राहिली तर तिथे बांबू उघडा पडून जळतो. मुठीकडचे तुकडे लहान आणि टोकाकडचे मोठे, म्हणजे काडी टोकाला रुंदावत जाते आणि पहिला घास भरघोस मिळतो. एका काडीवर साधारण तीस ते चाळीस ग्रॅम मांस. नेगिमात मांडीच्या तुकड्यांमध्ये लांब जपानी पातीच्या कांद्याचा पांढरा देठ असतो. तो मांसाहून जाड कापला तर निखाऱ्याजवळ कांदाच येतो आणि मांस कच्चं राहतं. चांगल्या दुकानाची नेगिमा बाजूने पाहिली तर सगळे तुकडे एका रेषेत दिसतात. मी नवीन दुकानात पहिली नजर तिकडेच टाकतो.

आता चव. दोनच रस्ते आहेत: शिओ म्हणजे मीठ, किंवा तारे म्हणजे सोया सॉसचा गोडसर रस. मीठ भट्टीवर ठेवताना वितभर उंचीवरून शिंपडतात म्हणजे ते सगळीकडे सारखं पडतं. प्रमाण मांसाच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, कातडीला थोडं जास्त, कारण वितळत्या चरबीबरोबर मीठही गळून जातं. तारेमध्ये सोया सॉस आणि मिरिन हे गोड तांदूळमद्य साधारण सारख्या मापाने, त्यात साके म्हणजे तांदळाची दारू, साखर, बऱ्याच ठिकाणी भाजलेली कोंबडीची हाडं, आणि हे सगळं आटवलेलं. मडकं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत. रोज उकळतात, गाळतात आणि वरून नवा रस घालतात. दिवसभर शेकडो काड्या त्यात बुडतात, त्यांची चरबी आणि खरपूसपणा त्यात उतरत जातो. म्हणून एकाच मापाने केलेला घरचा तारे दुकानासारखा लागत नाही.

तारेची काडी आधी कोरडीच सत्तर-ऐंशी टक्के भाजतात. मग मडक्यात बुडवून पुन्हा निखाऱ्यावर, परत बुडवून परत निखाऱ्यावर, आणि शेवटचं बुडवणं ताटलीत ठेवण्याआधी. हा क्रम महत्त्वाचा आहे. रस सुरुवातीलाच लावला तर साखर करपते आणि आतलं मांस मात्र कच्चंच असतं. घरी ओव्हनमध्ये किंवा तव्यावर करून बघणाऱ्यांचं नेमकं इथेच बिनसतं.

दुपारच्या पाटीवर तीन प्रकार दिसतील. दोनबुरी, म्हणजे वाडग्यात भात, त्यावर थोडा तारे, बहुतेक ठिकाणी नोरी या वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या बारीक पट्ट्या आणि वर काड्या. ज्यू, म्हणजे हेच सगळं लाखेच्या चौकोनी डब्यात, किंचित महाग. आणि तेइशोकु, म्हणजे भात, सूप, लोणची वेगळी आणि काड्या ताटलीत. घाई असेल तर दोनबुरी. काउंटर मिळाला असेल आणि हाताशी पाऊण तास असेल तर तेइशोकुच घ्यावं, कारण त्यात काही दुकानं काड्या भाजून होतील तशा एक-दोन करून देतात आणि प्रत्येक काडी गरम मिळते. दोनबुरीत पाचही काड्या एकदम येतात. खालच्या भाताची वाफ त्यांना लागते आणि कातडी असलेला तुकडा दोन-तीन मिनिटांत मऊ पडतो. त्यावर उपाय म्हणजे खाण्याचा क्रम: कातडी असलेली मांडी किंवा पंख आधी, मग छातीची पट्टी, मग काळीज, आणि त्सुकुने शेवटी, कारण ती सगळ्यात जास्त वेळ गरम राहते आणि तिचा रस भातात मुरला की चांगलाच लागतो.

दुपारच्या ताटात साधारण कुठल्या काड्या येतात आणि त्या कशा ओळखायच्या, हे थोडं सविस्तर सांगतो. मोमो म्हणजे मांडी, नवख्याला कधीच निराश न करणारी. सासामी म्हणजे छातीखालची पट्टी, वर हिरव्या वासाबीचं बोट. ही बाहेरून पांढरी आणि आत गुलाबी ठेवायची जुनी पद्धत आहे. काळीज जवळजवळ नेहमी तारेत. नीट भाजलेलं काळीज मधोमध जेमतेम घट्ट झालेलं असतं, लोण्यासारखं पसरतं. अर्धं मिनिट जास्त राहिलं की भुसभुशीत होतं आणि घशात अडकतं. ज्यांना काळजाचा वास नको वाटतो त्यांनी एकदा चांगल्या दुकानातलं खाऊन मग ठरवावं. त्सुकुनेचा खिमा मीठ घालून चिकट होईपर्यंत मळलेला असतो, बऱ्याचदा त्यात कूर्चा बारीक चिरून घातलेली असते, म्हणून दाताखाली कुरकुर लागते. काही ठिकाणी सोबत अंड्याचा कच्चा बलक येतो, त्यात बुडवून खायचं. पंखाची काडी आली तर हाडं हाताने धरून खाल्लेली चालतात, त्यात काही वावगं नाही. कातडी, पोटा, हृदय, शेपटीकडचा चरबीदार तुकडा हे बहुतेक ठिकाणी रात्रीचे प्रकार, पण दुपारीही वर एक-दोन काड्या सुट्या मिळतात का ते विचारून पाहावं. पोटा मिळाला तर जरूर घ्या. चावताना करकर वाजतो आणि मिठाशिवाय त्याला काही लागत नाही.

टेबलावर दोन बरण्या असतात: शिचिमी आणि सानशो. शिचिमी म्हणजे सात जिनसांची पूड: लाल मिरची, सानशो, तीळ, भांगेच्या बिया, खसखस, वाळवलेली संत्र्यासारखी साल, आणि समुद्री शेवाळ किंवा शिसोची पानं. ही पूड १६२५ मध्ये एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, यागेनबोरी भागात विकायला लागले. ती जागा निंग्योचोहून चालत जाण्याइतकी जवळ. मराठी जिभेला शिचिमी तिखट वाटणार नाही, म्हणून भसाभस टाकायचा मोह होतो, पण ती सुगंधासाठी आहे. सानशोची हिरवट पूड मात्र जपून घ्यावी. कोकणातलं तिरफळ ज्यांनी माशाच्या आमटीत खाल्लं आहे त्यांना तिची जीभ बधिर करणारी झणझण लगेच ओळखू येईल. दोन्ही झाडं एकाच कुळातली, एकाच प्रजातिगटातली आहेत. तारेच्या काळजावर आणि मांडीवर चिमूटभर सानशो, मिठाच्या काडीवर काहीही न टाकता पहिला घास, हा क्रम मी कधी मोडत नाही. सोया सॉसची बाटली दिसली तरी भातावर ओतू नये. तारेमध्ये मीठ भरपूर असतं आणि भात मुद्दाम सपक ठेवलेला असतो.

काडीवरचं मांस चॉपस्टिकने सगळं ताटलीत उतरवून वाटून घेतलेलं बऱ्याच दुकानदारांना आवडत नाही. कारण साधं आहे: तुकडे सुटे झाले की रस भोकातून निघून जातो आणि ते झटकन गार होतात. काडी आडवी धरून टोकाचा तुकडा दातांनी ओढायचा. शेवटचे दोन तुकडे खोल असतात. तोंडात बांबू खुपसण्यापेक्षा चॉपस्टिकने टोकाकडे सरकवून घ्यावेत. दोनबुरीत मात्र काडी ओढून काढून मांस भाताबरोबर खाल्लं तरी कुणी काही म्हणत नाही, आणि काही ठिकाणी काड्या आधीच काढून देतात. रिकाम्या काड्यांसाठी बांबूची नळी किंवा उभं भांडं ठेवलेलं असतं. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये तुकडा देऊ नये. या दोन्ही गोष्टी जपानात अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. आपल्याकडेही पिंडाच्या भाताचं वेगळेपण पाळतात, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये.

सूप बहुधा मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, किंवा कोंबडीच्या हाडांचं पारदर्शक. चमचा नसतो, वाटी उचलून प्यायची. लाखेच्या वाटीचं झाकण गरम सुपाने घट्ट बसतं आणि ओढलं तर सांडतं. वाटीच्या दोन्ही कडा हलकेच दाबायच्या, आत हवा शिरते आणि झाकण सुटतं. कोंबडीचं पारदर्शक सूप असेल तर ते काड्यांच्या मध्ये मध्ये घोट घोट प्यावं. तारेचा गोडवा जिभेवर साचतो तो त्याने निघून जातो. तेच काम किसलेला मुळा करतो, आणि तो बऱ्याच दुकानांत छोट्या वाटीत मिळतो. भात कमी पडला तर ‘ओकावारी’ म्हणायचं. काही दुकानांत दुसरी वाटी फुकट, काहींत शंभर-एक येन. ऑर्डर देतानाच ‘ओओमोरी’ म्हटलं तर वाडगा भरून येतो.

आपल्याकडच्या खाणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच विचाराव्यात. डुक्कर न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की याकितोरीची पाटी म्हणजे निव्वळ कोंबडी असं नाही. तोक्योतल्या अनेक दुकानांत डुकराच्या काड्या त्याच भट्टीवर भाजतात. होक्काइदोतल्या मुरोरानमध्ये याकितोरी म्हणून डुकराचं मांस आणि कांदा मोहरीच्या चटणीबरोबर देतात. साइतामातल्या हिगाशी-मात्सुयामातही डुकराचंच, तिखट मिसो लावून. ‘बुतानिकु हाइत्ते इमासु का?’ एवढं विचारलं तर सरळ उत्तर मिळतं. दारूचा अंशही नको असणाऱ्यांना तारे चालणार नाही, आणि मिठाच्या काडीवरही काही ठिकाणी भाजताना साके फवारतात. सोया सॉसमध्ये गहू असतो. शाकाहारी माणसाला सोबत नेऊन भात-सूप खाऊ घालण्याचा बेत करू नये. सुपाचं पाणी माशाचं किंवा कोंबडीचं असतं.

आणि ती आत गुलाबी असलेली सासामी. कच्च्या किंवा अर्धकच्च्या कोंबडीतून कॅम्पिलोबॅक्टर या जंतूची बाधा होऊ शकते आणि मांस ताजं असलं तरी तो धोका जात नाही; जपानचं आरोग्य मंत्रालयही कोंबडी आतपर्यंत शिजवून खायला सांगतं. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर ऑर्डर देतानाच ‘योकु याइते कुदासाइ’, म्हणजे नीट भाजून द्या, असं सांगावं. दुकानदार वाईट वाटून घेत नाही. पट्टी दोन मिनिटं जास्त ठेवतो, एवढंच.

पाटीवर ‘जिदोरी’ असं लिहिलेलं असेल तर किंमत जवळपास दीडपट असते. जपानी मानकांनुसार जिदोरीत देशी जातीचं रक्त निम्म्याहून कमी चालत नाही, ती किमान ७५ दिवस वाढवलेली लागते, २८ व्या दिवसानंतर पिंजऱ्यात न ठेवता मोकळी सोडलेली आणि एका चौरस मीटरमध्ये दहाहून जास्त नाही. साधी ब्रॉयलर सात आठवड्यांच्या आसपास तयार होते. अकिताची हिनाई, नागोया कोचीन आणि कागोशिमाची सात्सुमा ही मोठी नावं. मांस घट्ट, चावायला वेळ लावणारं, चव मागाहून येणारी. गावठी कोंबडी खाल्लेल्या माणसाला हे आवडतंच. पण दोनबुरीसाठी जिदोरी घेण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. गोड तारे आणि भातात तिचा बराचसा फरक बुजून जातो. ती घ्यायची तर मिठाची मांडी म्हणून, एकच काडी, सुटी.

एकच्या आधी बाहेर रांग असेल तर जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नये. दुपारच्या खुर्चीला अर्धा-पाऊण तास हे न बोललेलं माप आहे. बिल टेबलावर आणून ठेवलेली चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचं. टिप देत नाहीत. पैसे ठेवून निघालात तर विसरलात समजून मागे धावत येतात. जुन्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, म्हणून दोन-तीन हजार येन रोख खिशात असावेत. बसून खाल्लं तर विक्रीकर १० टक्के, बांधून नेलं तर ८. पाटीवरची किंमत करासह आहे की नाही ते पाहून घ्यावं. बांधून न्यायचं असेल तर तारेच्याच काड्या घ्याव्यात, मिठाच्या गार झाल्यावर कोरड्या पडतात. घरी गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये फार तर वीस-तीस सेकंद, मग काडीची मूठ फॉइलमध्ये गुंडाळून टोस्टर ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं.